आरतीला बसवलेली मोटर

माणसाच्या हातातलं काम यंत्राने घेतलं तर मी कधी कुरकुर करत नाही. कपडे यंत्राने धुवावेत, कणीक यंत्राने मळावी. माझं तर म्हणणं आहे, लांबच्या नातेवाइकांच्या लग्नाला आपल्या ऐवजी एखादं यंत्र पाठवता आलं तर त्याचे मी हप्ते भरेन. पण देवाच्या आरतीला टाळ वाजवायला यंत्र? सणासुदीला देवापुढे उभं राहून दोन हात एकमेकांवर आपटायचे, एवढंसुद्धा आमच्याने होईना? हे आठवलं की माझं डोकं अजून फिरतं. झांजकाकांचं तर त्या दिवसांत असं फिरलं होतं की त्यांना भेटायला जाताना मी पंख्याखाली खुर्ची मिळेल अशा बेताने जायचो.

झांजकाका हे आमच्या वस्तीने त्यांना दिलेलं नाव. धंदा त्यांचा जळलेल्या मोटरी भरून द्यायचा. मिक्सरची, पंख्याची, पाण्याच्या पंपाची, कसलीही मोटर जळली की ती त्यांच्या खोलीएवढ्या दुकानात यायची. आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार वेटोळ्या-वेटोळ्यांनी भरायची, वर वॉर्निश चढवायचं. दुकानात सदैव करपल्याचा वास. दिवाळीआधी तर बायकांची रांग लागायची, कारण वर्षभर आराम केलेल्या मिक्सरला घराघरांत एकाच आठवड्यात डोंगर दळायला लावायचे. काका प्रत्येकीला झापत.

"वहिनी, हा मिक्सर आहे, गिरणी नव्हे. थोडा दम खाऊ द्यायचा असतो त्याला. नवऱ्याला देता की नाही?"

"तो कुठे काय दळतो?" असं उत्तर आलं की काका खूश होऊन तिचा मिक्सर सगळ्यांच्या आधी हातात घेत.

पण ही झाली दिवसाची गोष्ट. संध्याकाळी हात साबणाने खसखसून धुतले की काका निराळेच. दुकानाला लागून त्यांची राहायची खोली, आणि खोलीसमोर, गल्ली ओलांडली की देऊळ. खुंटीवरच्या पितळी झांजा घेऊन ते देवळात जात आणि सभामंडपाच्या डाव्या खांबाशी उभे राहत. तो खांब त्यांचा. दुसरं कोणी तिथे उभं राहिलं तर काका काही बोलत नसत, फक्त त्याच्या कानाजवळ झांज वाजवत. माणूस आपोआप सरके.

गळा म्हणाल तर दिव्य होता. गाऊ लागले की देवळाबाहेरची कुत्री साथ देत. पण हात! रोजच्या आरतीला त्यांचा हात वेगळा, सणाला वेगळा. रामनवमीला जन्म व्हायच्या आधी ते झांजा नुसत्या एकमेकींवर घासून असा हलका नाद काढत की सगळा मंडप श्वास रोखून बसे, आणि जन्म झाला रे झाला की असा दणका देत की पाळण्यातल्या देवानेही दचकावं. नवरात्रात आरती रोज थोडी-थोडी चढत न्यायची आणि अष्टमीला पार टोकाला. दिवाळीत मात्र हात मोकळा, हसरा. तो ठेका ऐकून डोळे मिटूनही सांगता यावं की आज सण कुठला. टाळ्या वाजवण्यात कोणी हयगय केली की आरती चालू असतानाच ओरडत, "टाळी वाजवताय की डास मारताय?"

आता काकू. सगळी गोष्ट खरं तर त्यांची आहे, पण काका इतके मोठ्याने वाजतात की काकू मागे राहतात, लग्न झाल्यापासून राहिल्याच आहेत. काकूंचे गुडघे आधी गेले. मग न्हाणीघरात पाय घसरला आणि कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून खिडकीजवळची खाट हेच त्यांचं जग. ज्या बाईने आयुष्यभर देवळात फुलं निवडली, समया घासल्या, सणाला मंडपभर रांगोळी घातली, तिला समोर गल्लीपलीकडचं देऊळ म्हणजे परदेश झालं. खाटेवरून कळस दिसे, पण देव नाही.

पण बाई मोठी हिकमती. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी एक छोटा देव आणि एक निरांजन मांडून घेतलं. संध्याकाळी देवळातून काकांच्या झांजेचा पहिला नाद आला की इकडे काकू निरांजन लावत. काकांच्या हाताबरोबर त्यांची आरती चाले. शेवटच्या ठोक्याला डोळे मिटून नमस्कार. काका घरात पाऊल टाकतात न टाकतात तोच हजेरी सुरू.

"आज डावा हात दुखतोय ना? जड पडत होता."

"तुला काय माहीत?"

"आणि मधेच थांबलात कशाला? कोण मेलं मधे बोललं?"

"अध्यक्ष. फोनवर."

"तरी म्हटलं. त्याला आरतीतच कसे फोन येतात हो?"

अशी ती दोघांची आरती. एक हात देवळात, एक कान खाटेवर. त्यात कोणाचं काय बिघडत होतं? कोणाचंही नाही. पण ज्यात कोणाचं काही बिघडत नाही ते सुधारल्याशिवाय ज्यांना झोप लागत नाही, अशी माणसं देवस्थानाच्या समितीत जातात.

आमचे अध्यक्ष मनाने वाईट नाहीत. फक्त त्यांना सगळं 'व्यवस्थित' लागतं. त्यांनी फरशांचा व्यापार करणाऱ्या एका शेटजींना गाठलं आणि देवळाला एक यंत्र मिळवलं. तुम्ही पाहिलं असेल तसलं. लोखंडी चौकट, लाल-सोनेरी रंग, मधोमध एक नगारा, त्यावर दोन टिपऱ्या, बाजूला समोरासमोर बसवलेले टाळ, वर दोन घंटा आणि खाली या सगळ्यांना नाचवणारी मोटर. बटण दाबलं की ढाणढाण-खणखण-ढाणढाण. नगाऱ्याच्या दर्शनी बाजूला शेटजींचं नाव इतक्या मोठ्या अक्षरात की नव्या माणसाला वाटावं, देवाचं नाव हेच.

"काका, आता तुम्ही आराम करा," अध्यक्ष म्हणाले. "वय झालं. किती दिवस हात दुखवून घेणार?"

"हात माझा, दुखणं माझं. तुम्हाला कुठे ठणकतं?"

"तसं नाही हो. आपलं सगळं कसं एका तालात येईल."

त्या यंत्राचं उद्घाटन रामनवमीला ठेवलं. शेटजी सहकुटुंब हजर. मंडप गच्च. गुरुजी जन्माची कथा सांगत होते. पाळणा फुलांनी मढवलेला, बायका ओंजळीत फुलं घेऊन तयार, माध्यान्हीची वेळ जवळ येत चाललेली. अध्यक्ष यंत्राशेजारी पहारा देत उभे. उन्हाची वेळ, कथा लांबलेली, त्यांचा डोळा लागला असावा. ते मागे टेकले. नेमके बटणावर टेकले.

ढाणढाण-खणखण-ढाणढाण!

गुरुजींच्या कथेत अजून कौसल्येचे डोहाळे चालले होते. पण वर्षानुवर्षांची सवय! नाद झाला म्हणजे जन्म झाला. बायकांनी फुलं उधळली, पुरुषांनी जयजयकार केला, पाळण्याची दोरी कोणीतरी ओढली आणि रिकामा पाळणा झोके घेऊ लागला. गुरुजी "थांबा, थांबा, अजून वेळ आहे" म्हणून हात हलवत होते, ते आनंदाने हात हलवताहेत असं वाटून लोकांनी आणखी जोरात जयजयकार केला. बटण बंद होऊन सगळं शांत झालं तेव्हा खरी वेळ आली, मूर्ती पाळण्यात ठेवली गेली, आणि उधळायला कोणाकडे एक पाकळी उरली नव्हती.

अध्यक्ष काय म्हणाले असतील? म्हणाले, "थोडं आधी झालं, पण काय दणक्यात झालं!"

हसायला मीही हसलो. पण घरी जाताना खिडकीत काकू दिसल्या. निरांजन न लावलेलं. मी थांबलो.

"आरती झाली का हो?" त्यांनी विचारलं.

"झाली की. ऐकू नाही आली?"

"काहीतरी ऐकू आलं. मला वाटलं पंप सुरू केला. मग परत आलं. कधी लावू तेच कळेना."

मग तेच रोज. यंत्र रोज तसंच वाजे. एकादशीला तसंच, अमावास्येला तसंच, गोकुळाष्टमीला तसंच. पहिली आरती संथ असते, शेवटची चढती असते, याचं त्याला काय? लोक त्याच्या मागे धावत गाऊ लागले. धाप लागली की नुसते ओठ हलवू लागले. मग ओठही हलेनात. दोन्ही हात रिकामे झाले, आणि हल्ली रिकाम्या हातात काय येतं ते सांगायला नको. देवाच्या तोंडासमोर फोनांची रांग. काका डाव्या खांबाशी झांजा घेऊन उभे राहायचे. वाजवायचेही. पण त्या ढाणढाणीत त्यांचा हात त्यांना स्वतःला ऐकू येत नव्हता, तर गल्लीपलीकडे काय जाणार? काही दिवसांनी त्यांनी जाणंच बंद केलं. काकूंनी निरांजन कट्ट्यावरून उचलून फडताळात ठेवलं.

"नवराही घरात, आणि देवही गप्प," काकू मला म्हणाल्या. "दोघांपैकी एकाला तरी बाहेर काढा."

मी अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, एका आजारी बाईची आरती तुम्ही बंद पाडलीत. तर म्हणतात, "मग मशीनचं तोंड त्यांच्या खिडकीकडे वळवू का?" अशा माणसाला काय बोलणार? आणि वर म्हणतात की आपले सण आता लोकांना नकोसे झालेत, तरुण मंडळी येत नाहीत. अहो, येऊन करायचं काय? मोटर फिरताना बघायची असेल तर काकांच्या दुकानात खुर्चीवर बसून बघता येते.

मग नवरात्र आलं. अध्यक्षांच्या डोक्यातून कल्पना निघाली की पहिल्या दिवशी सकाळपासूनच यंत्र चालू ठेवायचं. वातावरणनिर्मिती! घटस्थापनेपासून जे ढाणढाण सुरू झालं ते थांबेना. दुपारी गुरुजी कानात कापूस घालून जेवले. आणि दिवेलागणीला, ऐन आरतीच्या तोंडावर, यंत्राने एक लांब कण्हणं काढलं, धूर सोडला आणि गप्प झालं. मंडपभर तो करपलेला वास पसरला. त्या वासाचा पत्ता वस्तीत सगळ्यांना ठाऊक होता.

त्या दिवशी काकांना बोलवायला कोणी गेलं नाही. ते आपणहून आले, खांबाशी उभे राहिले आणि त्यांनी आरती उचलली. मी खोटं सांगत नाही, मंडपातले निम्मे फोन आपोआप खिशात गेले. टाळी वाजवायची तर हात मोकळे लागतात.

आरतीनंतर अध्यक्ष आणि दोघे जण ती मोटर धोतरात गुंडाळून काकांच्या दुकानात आले. मी तिथेच होतो.

"काका, मशीन बसलं हो."

"उभं होतं का कधी?"

"थट्टा राहू द्या. मोटर भरून द्या. अष्टमीला शेटजी यायचेत."

"मला घालवायला आणलेलं यंत्र, ते मीच जिवंत करू? बाहेर दुसरे कारागीर आहेत, घेऊन जा." काकांचा आवाज असा चढला की फळीवरच्या जळक्या मोटरीसुद्धा थरथरल्या. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत पळवलीत तिला! बैल असता तर खाली बसला असता. ही बिचारी जळून गेली."

आतून काकूंचा आवाज आला. "अहो, द्या भरून."

"तू पण त्यांच्यातली?"

"मोटरने काय घोडं मारलंय? जाळली त्यांनी. दारात आलेलं काम तुम्ही कधी परत पाठवलं नाहीत, मग आता देवळाचंच पाठवणार?"

काकांनी धोतराची गाठ सोडून मोटर पुढ्यात ओढली. मग म्हणाले, "भरतो. पण एक अट. नवरात्र संपेपर्यंत संध्याकाळच्या आरतीला हे चालू करायचं नाही. आरती मी वाजवणार. हिला ऐकू गेली पाहिजे."

"हो, हो. बघू या ना," अध्यक्ष म्हणाले.

आपल्याकडे 'नाही' म्हणायला माणसं 'नाही' का म्हणत नाहीत? सरळ नकार दिला तर भांडता तरी येतं. 'बघू या' म्हणणाऱ्याचं काय करायचं? त्याची मान धरायला गेलं तर ती डोलत असते.

काकांनी मात्र तो शब्द खरा मानला. मन लावून मोटर भरली. चोख. कोणाही गिऱ्हाइकाची भरावी तशी. यंत्र देवळात परत जाऊन बसलं, आणि त्याच्यापुढे उभे राहून काका रोज संध्याकाळी आरती वाजवू लागले. फडताळातलं निरांजन पुन्हा कट्ट्यावर आलं. आरती रोज थोडी-थोडी चढत गेली. काकूंच्या तोंडावरही रोज थोडं-थोडं तेज चढत गेलं. "अष्टमीला बघा तुम्ही," त्या मला म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा हात अष्टमीला ऐकण्यासारखा असतो."

अष्टमीला मंडपात मुंगी शिरायला जागा नाही. शेटजी पुढच्या खुर्चीवर. काका खांबाशी जाऊन उभे राहिले, झांजांच्या दोऱ्या बोटांना गुंडाळल्या, तोच अध्यक्ष त्यांच्याजवळ आले आणि हसत-हसत, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, आजच्या दिवस जरा राहू द्या. शेटजी आलेत, त्यांचं मशीन बंद दिसलं तर बरं दिसणार नाही. उद्या वाजवा की."

"उद्या अष्टमी आहे का?"

"तसं नाही हो—"

"शब्द दिला होतात."

"बघू या म्हटलं होतं," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

वस्तीतल्या प्रत्येक भांडणात आवाजाने पुढे असणाऱ्या काकांनी झांजा नुसत्या काखेत मारल्या. मला त्याचंच भय वाटलं. ते वळले आणि गर्दीतून बाहेर पडले. मी मागोमाग. गल्ली ओलांडून ते खोलीत शिरले. काकू खाटेवर उठून बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून, काडी पेटवायच्या तयारीत, आणि समोरून येत होतं ते ढाणढाण-खणखण. त्यांनी काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काडेपेटी खाली ठेवली.

"उचल ती," काका म्हणाले. "लाव निरांजन."

आणि त्यांनी खाटेच्या पायाशी उभं राहून झांजा वाजवल्या. एवढीशी खोली, पितळी झांजा आणि अष्टमीचा हात! पत्र्याचे डबे फळीवर नाचायला लागले. काकूंनी गायला सुरुवात केली, काकांनी गळा सोडला, आणि मीही, ज्याला घरचे न्हाणीघरातसुद्धा गाऊ देत नाहीत, टाळ्या पिटत ओरडू लागलो. राग असला की सूर आपोआप लागतो म्हणतात, माझा नाही लागला. पण जोर लागला.

आधी दोन बायका दाराशी आल्या. मंडपात मागे उभ्या होत्या, नाद ऐकून बाहेर आल्या होत्या. मग तिघे-चौघे. खोली भरली, दार भरलं, गल्ली भरली. खिडकीच्या गजांतून हात आत आले आणि टाळ्या वाजवू लागले. दुसऱ्या आरतीपर्यंत समोरच्या मंडपात शेटजींचं कुटुंब, अध्यक्ष आणि यंत्र एवढेच उरले असावेत. कारण तिसरी सुरू झाली तेव्हा गर्दी बाजूला सारत अध्यक्ष आमच्या दारात उभे होते, घामाने डबडबलेले.

"काका, अहो काका! आवाज जरा कमी करा. तिकडे मशीन ऐकू येत नाही!"

आयुष्यात मी पुष्कळ तक्रारी ऐकल्या. ही पहिल्या नंबरची.

काकांनी ऐकलंच नाही. ऐकलं काकूंनी. गाता-गाता हात वर करून त्यांनी अध्यक्षांच्या पायांकडे बोट दाखवलं. "आरती चाललीय. चपला काढा आधी."

सवय मोठी वाईट. अध्यक्षांनी चपला काढल्या. चपला काढल्या म्हणून आत यावं लागलं, आत आले म्हणून हात जोडावे लागले, आणि सगळे टाळ्या वाजवताहेत म्हटल्यावर जोडलेल्या हातांना दुसरं काही सुचेना. बेताल वाजवत होते. पण वाजवत होते.

तेवढ्यात गल्लीतली माणसं मागे सरली. गुरुजी येत होते. डाव्या हातात देवीपुढचं आरतीचं तबक, उजव्या तळव्याचा आडोसा ज्योतीला. नियम असा की आरती ओवाळून झाली की तबक माणसांसमोर न्यायचं. त्यांनी मंडपात माणसं शोधली असणार, ती इथे सापडली. ते सरळ खाटेपाशी आले आणि तबक काकूंसमोर धरलं.

"शेटजी तिकडे बसलेत, गुरुजी," अध्यक्ष कुजबुजले.

"बोलवा की त्यांना," गुरुजी म्हणाले. "जागा करू."

घरात पडल्यापासून काकूंना देवळातल्या ज्योतीची ऊब लागली नव्हती. त्यांनी दोन्ही तळवे ज्योतीवर धरले, डोळ्यांना लावले, पुन्हा धरले, पुन्हा लावले. गुरुजींनी घाई केली नाही. पलीकडे ते यंत्र एकटंच चाललं होतं, बटण बंद करायचं कोणाच्या लक्षातच नव्हतं. भरलेली मोटर चोख होती, थांबणार कशाला?

काका झांजा छातीशी धरून धापा टाकत उभे होते. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि त्यांच्याकडे वळल्या.

"दुसरीला घाई केलीत."

"घाई? मी?"

"मग काय मी? रागात वाजवत होतात. उद्या शांतपणे वाजवा."

"उद्या कुठे?" काकांनी विचारलं.

"देवळात," काकू म्हणाल्या. "आणि त्या खांबाशीच. हे अध्यक्ष तुम्हाला न्यायला येतील. काय हो, येणार ना?"

अध्यक्षांनी चपला शोधण्याच्या निमित्ताने मान खाली घातली.

"बघू या," ते म्हणू लागले, आणि गल्लीभरची माणसं एकदम त्यांच्याकडे वळली.

"येतो," अध्यक्ष म्हणाले. "येतो म्हटलं ना!"